बोटभर ढील

मेस्त्री,

माणसाने जाताना निदान भांडण तरी मिटवून जावं. तुम्ही तेवढंही केलं नाहीत. आज तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. तेराव्याला दहिवलीत तुमच्या अंगणात पंगत बसली, आणि वाढणारा-जेवणारा जो तो म्हणत होता, गोविंदमेस्त्री देवमाणूस होता हो, कुणाला दुखवलं नाही. मी पानावर मान खाली घालून बसलो होतो. देवमाणूस कसले तुम्ही? एक नंबरचे हट्टी. सात वर्षं माझी फटफटी तुमच्या हाताखाली होती, आणि त्या सात वर्षांत तुम्ही माझं एकदाही पहिल्या शब्दाला ऐकलं नाहीत. मीही तुमचं ऐकलं नाही, हे खरं. पण मी जिवंत आहे आणि तुम्ही नाही, त्यामुळे आता सगळा दोष एकट्याने सांभाळत बसायची पाळी माझ्यावर आली आहे.

मला एकच गोष्ट कळायला हवी होती. तुम्ही माझ्यावर रागावून गेलात का? बाकी काही नको. ती विचारायला मी पळसदरीपासून धावत आलो आणि तुम्ही थांबला नाहीत.

आपली ओळख खोकल्याने झाली. खोपोलीचा एक साहेब विलायतेला परत जाताना ही फटफटी माझ्या गळ्यात मारून गेला होता. खालापूर, चौक, पळसदरी असे माझे रोगी पांगलेले. बैलगाडीने पोचेपर्यंत ताप तरी उतरायचा नाहीतर माणूस तरी. म्हणून मी हौसेने ती घेतली. आणि ती रोज सकाळी दवाखान्यासमोर वीस लाथा खाऊन, काळा धूर ओकून, मग चालू व्हायची. कर्जतच्या बाजारातली माणसं दुकानं उघडायची सोडून ती गंमत बघायला उभी राहत. तुम्ही तेव्हा रेल्वेच्या शेडातून नुकतेच घरी बसला होता. घाटात गाड्या ढकलणारी वाफेची इंजिनं जाऊन विजेची आली, आणि वाफेवर आयुष्य घालवलेल्या फिटरला त्या मुक्या इंजिनांत काही रस उरला नाही. खोकल्याचं औषध घ्यायला तुम्ही बाकावर बसला होता. माझी अकरावी की बारावी लाथ चालू होती. तुम्ही खोकता खोकता म्हणालात, “डाक्टर, माझं ऱ्हाऊ द्या. आदी हिचं बगा. हिला दमा हाय.”

मी चिडलो. “तुम्हाला काय कळतं हो फटफटीतलं?”

“फटफटीतलं नाय कळत. दम्यातलं कळतं. हिला पेट्रोल बक्कळ मिळतंय, हवा मिळत नाय.”

मग तुम्ही प्लग काढून माझ्या नाकापुढे धरलात. काजळीने काळा ठिक्कर. “असा काळा म्हंजी हवा कमी. पांढरा पडला म्हंजी हवा जास्ती, इंजिन तापून मरंल. भाजल्या खापरासारका रंग पायजे.” कार्बोरेटरचा एक स्क्रू तुम्ही पाव फेरा फिरवलात, कान लावलात, पुन्हा अर्धा पाव मागे घेतलात. मला राहवेना. मी स्टेथॉस्कोप आणला आणि तुमच्या कानात घातला. बाजार हसला. तुम्ही मात्र डोळे मिटून एखाद्या बुवासारखे तल्लीन झालात आणि म्हणालात, “आता बरी हाय. पन रोज बगावी लागंल.” त्या दिवसापासून दवाखान्याच्या मागची पडवी तुमची झाली. कुणी तुम्हाला बोलावलं नव्हतं आणि मीही कधी जा म्हटलं नाही.

तुमच्या तऱ्हा मी काय कमी सोसल्या? माझी शस्त्रं उकळायचं भांडं एकदा दिसेना. कंपाउंडर शोधून दमला. ते तुमच्याकडे चुलीवर होतं, त्यात चरबी वितळत होती आणि चरबीत साखळी पोहत होती. तुमच्या कारभारणीने, काशीवहिनींनी, आपलं एकही पातेलं दिलं नाही म्हणून तुम्ही माझं नेलंत. मी ओरडलो तर म्हणालात, “साखळीच्या सांद्यात वंगण आत मुरलं पायजे. वरनं चोळून काय हुतंय? तुमीच तर म्हनता, औषध पोटात गेल्याबिगर गुन नाय.” माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारायची तुमची सवय मला कधीच आवडली नाही.

पण शिकवलंत तुम्हीच. मागच्या चाकाच्या पाठीवर साखळी चिमटीत धरून ओढायची. दाताचा निम्मा भाग उघडा पडला तर साखळी म्हातारी झाली. चाक हाताने पूर्ण फिरवून बघायचं, कारण साखळी सगळीकडे सारखी ताठ नसते. जिथे सगळ्यात ताठ असेल तिथे माप घ्यायचं. आणि माप? ते तुम्ही पहिल्या दिवसापासून एकाच शब्दात सांगत आलात. बोटभर. साखळी खालून वर उचलली की बोटभर उठली पाहिजे. त्याहून जास्त उठली तर दातांवरून उडेल, कमी उठली तर तुटेल. “ह्ये इसरू नका डाक्टर, बोटभर ढील. मान्साला आन् साखळीला ढील पायजेच.”

हे तुमचं पहिल्या वर्षीचं माप. तेव्हा तुमची दहाही बोटं होती. आता त्या सकाळबद्दल लिहितो. तुम्ही असताना पाच वर्षं माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

दिवाळी चार दिवसांवर होती. फटफटीचं मागचं चाक स्टँडवर उचललेलं, इंजिन मंद चालू, चाक सावकाश फिरत होतं आणि तुम्ही रॉकेलच्या चिंधीने साखळी पुसत होता. चालत्या साखळीला हात लावू नये हे तुम्हीच मला शंभरदा बजावलेलं. त्या दिवशी मात्र म्हणालात, “हळू हाय, काय नाय हुत.” आणि मी पलीकडे उभा. मला कार्बोरेटरचा आवाज जरा घोगरा वाटला. मी काय करावं? तुम्हाला विचारावं. नाही विचारलं. हँडलवरचा, इंजिनाचा वेग वाढवायचा खटका पुढे ढकलला. इंजिन किंचाळलं, चिंधी ओढली गेली आणि चिंधीबरोबर तुमच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट साखळी आणि दातेरी चाक यांच्यामध्ये गेलं.

तुम्ही ओरडला नाहीत. मीच ओरडलो.

पुढची दोन पेरं गेली होती. मुळाशी असलेलं एक पेर शाबूत होतं, पण मला ते ठेवावंसं वाटत नव्हतं. मी म्हटलं, मेस्त्री, मुळापासून काढतो, जखम लवकर भरेल. तुम्ही घामाने थबथबलेले, तरी हात मागे ओढून घेतलात. “येवडं तरी ऱ्हाऊ द्या, डाक्टर. कशाला तरी कामाला येईल.” एका पेरासाठी काय वाद घालायचा, असं मनात म्हणत मी ते ठेवलं. त्या दिवशी माझे हात कसे चालले ते माझं मलाच ठाऊक.

महिनाभराने तुम्ही पुन्हा पडवीत हजर. खटक्याचं नाव तुम्ही काढलं नाहीत. चुकलं माझं, असं मीही म्हणालो नाही. रोज म्हणायचं ठरवत होतो. आज म्हणू, या रविवारी म्हणू, गणपतीत म्हणू. मग वर्ष गेलं आणि एवढं शिळं झाल्यावर ते कसं वाढायचं हे मला कळेना. तुम्ही दवाखान्यात शिरलात की उजवा हात कोटाच्या खिशात असायचा. पडवीत काम करताना तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसायचात. साखळीचं माप घेताना तर मुद्दाम वळायचात. मला वाटायचं, हात दाखवायची लाज वाटते बिचाऱ्याला. म्हणून मीही नजर फिरवायचो, रोगी बघायला निघून जायचो. एवढा समजूतदारपणा आपण दोघांनी केला नसता तर बरं झालं असतं.

आता भांडण. तुम्हाला पाठ आहे, पण मला पुन्हा एकदा नीट सांगू द्या, कारण त्या दिवशी तुम्ही मधेच उठून गेलात.

मुंबईहून नवी साखळी आली. तुमचं म्हणणं, नुसती साखळी घालायची नाही. पुढचं आणि मागचं दोन्ही दातेरी चाकं नवी मागवा. “ह्ये दात बगा, वाघनखं झाल्यात. नवी साखळी फाडून खातील.” मी म्हटलं, चाकं यायला महिना लागेल, तोवर मी काय पालखीत बसून खालापूरला जाऊ? तुम्ही तोंड पाडून नवी साखळी जुन्या चाकांवर चढवलीत. दुसऱ्या दिवशी रस्त्यात ती खालच्या पत्र्यावर फटक फटक आपटायला लागली. मला वाटलं, रागाच्या भरात ढिली ठेवली आहे. मी घरी येऊन स्वतः पाना घेतला, मागचं चाक मागे ओढलं आणि साखळी ताणली. मनासारखी नव्हे, तुमच्या मापाने. साखळीखाली बोट आडवं घातलं. बोटाच्या जाडीएवढी साखळी उठली. बोटभर.

संध्याकाळी तुम्ही आलात, साखळीला हात लावलात आणि ताडकन सरळ झालात.

“कुनी ताणली?”

“मी. फार आपटत होती.”

“किती ठेवलीत?”

“बोटभर. तुम्हीच सांगितलंय.”

तुम्ही पाठ केलीत, वाकलात, पुन्हा चाचपलंत. “बोटभर नाय.”

“आहे.”

“नाय डाक्टर. ही तुटंल. बोटभर म्हंजी बोटभर.”

“अहो, मी आत्ता बोट घालून मोजलंय!”

“मी बी आत्ताच मोजलंय.”

असं किती वेळ चाललं असेल? बाहेर बाकावर चार रोगी बसलेले, माझा जीव त्यांच्यात, आणि तुम्ही एकच शब्द लहान पोराला पाढे शिकवल्यासारखा घोकत होता. बोटभर, बोटभर. माझं डोकं फिरलं. आणि मी म्हणालो, “माझं बोट तरी अख्खं आहे, मेस्त्री.”

पाच वर्षांत त्या बोटाचा पहिला उच्चार मी केला, आणि तो असा केला.

तुम्ही खिशातून उजवा हात काढलात, त्याच्याकडे बघितलंत, मग माझ्या हाताकडे बघितलंत. कपाळाला आठी पडली. काहीतरी बोलायला तोंड उघडलंत आणि मिटलंत. चिंधीला हात पुसलेत आणि निघून गेलात. त्याच संध्याकाळी मी मुंबईच्या दुकानाला पत्र टाकलं: दोन्ही दातेरी चाकं पाठवा, लवकर पाठवा. ते तुम्हाला सांगायला दहिवलीला यायला हवं होतं. चालत पाव तासाचं अंतर. पण मी म्हटलं, येतील की स्वतःच, दोन दिवसांत येतील, फटफटीवाचून करमतंय कुठे त्यांना? आणि साखळी मी तशीच ताठ ठेवली. हट्ट म्हणजे हट्ट.

दोन दिवस झाले, चार झाले. तुम्ही तिकडे तापाने पडला होता आणि “डाक्टरला कळवू नको” म्हणून वहिनींना दटावत होता. तुम्ही औषधसुद्धा माझ्याकडचं घेईनात, काढे पीत बसलात! पाचव्या दिवशी तुम्हाला धाप लागली तेव्हा वहिनींनी तुमचं न ऐकता दवाखान्यात निरोप धाडला. मी नेमका सकाळपासून खालापूरला, एका अडलेल्या बाईपाशी. कंपाउंडरने मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी पाठवली. ती मिळेपर्यंत दुपार झाली होती. मूल झालेलं होतं, बाई सुखरूप होती. मी तसाच फटफटीवर बसलो.

खोपोली गेली, आणि पळसदरी जवळ आली तेव्हा खालून एक कडकड ऐकू आली. मला ती ओळखता यायला हवी होती. पुढच्या वळणावर साखळी तुटली. सापासारखी रस्त्यावर पडली आणि फटफटी नुसती घरंगळत जाऊन थांबली. नवी कोरी साखळी, आठ दिवसांची. मी मागच्या चाकाचे दात बघितले. खरंच वाघनखं.

मी ती ढकलायला लागलो. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूला वालाची शेतं, माणूस दिसेना. लाकडाची मोळी घेतलेला एक ठाकर मागून आला, थोडा वेळ माझी फजिती बघत चालला आणि म्हणाला, “गाढव बरं ह्याच्यापरीस. घरी तरी येतं.” मग मोळी खाली ठेवून त्याने फटफटी धरली. “जा तू. मी आणतो माघून.” मी बॅग उचलून पळत सुटलो. पन्नाशीच्या माणसाचं पळणं ते काय. दहा पावलं पळायचं आणि वीस चालायचं. आणि सगळा रस्ताभर मी तुम्हालाच शिव्या देत होतो. तुमची साखळी, तुमची चाकं, तुमचं बोटभर.

दहिवलीत पोचलो तेव्हा अंगणात माणसं उभी होती. मी आत न जाताच काय ते समजलो.

मी डॉक्टर आहे, मेस्त्री, खोटं सांगणार नाही. दोन्ही फुप्फुसं भरली होती. मी तासभर आधी आलो असतो तरी तुम्हाला वाचवणारं औषध माझ्या बॅगेत नव्हतं, कुणाच्याच बॅगेत नाही. पण तो तास मी तुमच्या उशाशी बसलो असतो. तो तास माझ्या साखळीने खाल्ला, आणि साखळी मी ताणली होती.

वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “डाक्टर, शेवटाला सारकं तुमचंच नाव. डाक्टरला सांग, माझं बोट. माझं बोट, माझं बोट. लई दुकत असंल का हो?”

डॉक्टरचं तोंड सवयीने चालतं. मी म्हणालो, “नाही वहिनी. तुटलेलं बोट दुखतं असा भास होतो माणसाला. तापात तर होतोच.” त्यांना बरं वाटलं. मला ठाऊक होतं की भासबिस काही नाही. तुम्ही माझ्याकडे त्या बोटाचा हिशेब मागत होता. मरताना माणूस रामाचं नाव घेतो आणि तुम्ही माझं बोट, माझं बोट म्हणत गेलात. म्हणजे रागावूनच गेलात. पंधरा दिवस मी हेच धरून बसलो होतो. रोग्याची नाडी धरली तरी त्याच्या बोटांवर नजर जायची. घरात कुणी काही विचारलं की अंगावर जायचो. तुमच्यावर मला इतका राग आला होता की रडूसुद्धा येईना. अरे, भांडायचं होतं तर यायचं समोर, चार शिव्या द्यायच्या. हे कसलं भांडण, की उत्तर द्यायची सोयच नाही?

परवा मुंबईचं पार्सल आलं. दोन्ही दातेरी चाकं, आणि तुटलेलीच्या जागी मागाहून मागवलेली नवी साखळी. काल दुपारी मी पडवीत ती चढवत बसलो होतो. चाकं बसली, साखळी चढली, आणि मग मी बोट आडवं करून तसाच बसून राहिलो. पुन्हा तेच माप घ्यायचा धीर होईना.

तेवढ्यात काशीवहिनी आल्या. तुमची पान्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या. “ह्ये तुमालाच ऱ्हाऊ द्या. घरात ठिवून काय करू? भाकरीला बी रॉकेलचा वास येतो.” मग फटफटीकडे बघून जरा घुटमळल्या. “डाक्टर, तुमी भास म्हनालात ते बरं केलंत. पन एक कळत नाय. बोट दुकतं म्हनावं तर मदीच उभं, उभं म्हनायचे. आता त्या दिशी कसं उभं करू त्यास्नी?”

“उभं?” मी म्हटलं. “नीट आठवून सांगा वहिनी. काय म्हणाले?”

“म्हनाले, डाक्टरला सांग, माझं बोट. आडवं नाय, उभं. मला वाटलं, आडवं पडून कटाळलं मानूस. पाठीला उशी दिली, बसतं केलं. तरी मान हलवत हुते, नाय नाय म्हनून.”

मेस्त्री, मी माझ्या हाताकडे बघितलं. आडव्या बोटाकडे. मग ते मधल्या सांध्यात दुमडलं. दोन पेरं आत गेली, एक उरलं. जे मी काढायला निघालो होतो आणि जे ठेवायला तुम्ही मला लावलं होतं, ते पेर. ते साखळीखाली उभं धरलं आणि साखळी वर उचलली. पाना फिरवला, चाक थोडं पुढे घेतलं, पुन्हा उचलली. साखळी त्या पेराएवढी उठली आणि थांबली. चाक हाताने फिरवलं. खळखळ नाही, ओढ नाही.

एवढंच होतं. तुमचं बोट अख्खं होतं तेव्हा बोटभर म्हणजे आडवी जाडी की उभं पेर, हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही. साखळी तुम्हीच लावत होता. बोट गेल्यावर तुम्ही उरलेल्या पेरालाच माप केलंत आणि नाव मात्र तेच ठेवलंत. बोटभर. आपण दोघं एकच शब्द बोलत होतो आणि त्याच शब्दावरून भांडत होतो. ते तुम्हाला त्या संध्याकाळी कळलं होतं! माझ्या हाताकडे बघितलंत तेव्हाच कळलं होतं. मग तिथल्या तिथे का नाही बोललात? एक वाक्य, मेस्त्री! “डाक्टर, माझं बोट उभं धरतो मी,” एवढं म्हणायला काय झालं होतं? मी तुम्हाला टोचून बोललो होतो, मान्य. पण मी काय त्या दिवशीच पहिल्यांदा टोचून बोललो? सात वर्षं रोज बोलत होतो!

मी तिथेच फटफटीपाशी मांडी घालून बसलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. माप सांगितलं. आणि सांगता सांगता तेही बाहेर पडलं. “वहिनी, त्या दिवाळीत खटका मी ढकलला होता.”

“ठावं हाय,” वहिनी म्हणाल्या. “त्याच दिशी सांगितलं त्यांनी मला. वर म्हनाले, डाक्टरला यातलं काय बोलू नको. त्येचा हात घाबरला तर उद्या लोकांची बोटं कोन कापील? म्हनून तर तुमच्याम्होरं हात काडत नव्हते. तुमी बगितलं की तुमचं तोंड पडतंय म्हनायचे.”

म्हणजे तुमची ती पाठ माझ्यासाठी होती. आणि मी ती लाज समजत होतो.

वहिनींनी वाकून साखळी बोटाने उचलून बघितली. मग एकदम म्हणाल्या, “म्हंजी मरताना बी फटफटीच? देवाचं नाव नाय, माझं नाव नाय, फटफटी!” आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या, आणि मग मलाही ते जमलं. बाकावरचे रोगी आत डोकावून गेले. जाताना वहिनींनी दारातून बजावलं, “सांगितलंय तशी बसवा. परत ताणू नका.”

नाही ताणणार. पाच वर्षं शिळं झालेलं ते वाक्यही आता वाढतोच: चुकलं माझं, मेस्त्री. खटकाही आणि त्या दिवशीचं बोलणंही. तुमच्यावरचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही. एक वाक्य तुम्ही मला देणं लागत होतात. ते वहिनींकडून, तेही उशी-पाठीच्या गोंधळातून घ्यावं लागलं.

आज सकाळी खालापूरला जाऊन आलो. प्लग काढून बघितला, खापराचा रंग आहे. येताना खोपोलीत थांबलो तर एक मोटारवाला फटफटीभोवती फिरून बघायला लागला. म्हणाला, “डॉक्टर, आवाज काय गोड आहे हो! साखळीला ढील किती ठेवता?”

“बोटभर,” मी म्हटलं.

“म्हणजे एवढी ना?” म्हणून त्याने आपलं बोट आडवं धरलं.

“तुमचं नव्हे,” मी म्हटलं, आणि माझं बोट दुमडून त्याच्यापुढे उभं केलं. “मेस्त्रींचं.”